आतून कडी लाव

ता. ९ फेब्रुवारी २०१५, सोमवार, सकाळी ७.१०. मलेरिया टाळायची नवी गोळी घेऊन आत्ताच छावणीतल्या रांगेतून आलो.

प्रिय सौभाग्यवतीस, पोटभर आठवण.

मी खुशाल आहे. ताप नाही, वजन एक किलोने वाढलं. बाळीला दुसरा दात आला का? आईचा गुडघा कसा आहे?

जुनी गोळी दर सोमवारी असायची. गिळून जीभ दाखवायची. मग कंपाउंडर विचारायचा, "काही त्रास?" सगळे ओरडायचे, "नाही, साहेब!" मीही सतरा आठवडे ओरडलो. नुसत्या वाईट स्वप्नांची काय तक्रार करायची?

गेल्या मंगळवारी दुपारी झोपेतच मी शेजारच्या खाटेवरच्या जवानाचा, आमच्या बोक्याचा, गळा धरला. तिघांनी सोडवला. मला काहीच आठवत नाही. बोका हसून म्हणाला, "वहिनींना माझं हेल्मेट पाठवून दे." त्याच्या मानेवर माझी बोटं उमटली होती.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी गोळी बदलली. म्हणाले, "जुनीचा परिणाम जायला महिने लागतात. कधी कधी जातही नाही."

वीस तारखेला रजेवर येतोय. बाळीला दोघांच्या मध्ये झोपवू, असं तू लिहिलंस. त्यासाठीच दिवस मोजत होतो. पण माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत घाल आणि आतून कडी लाव. ती नीट बसत नाही, आधी सुताराला बोलाव.

मी झोपेतही हाका मारीन, रडेनही. लगेच उघडू नकोस. आतून बाळीची जन्मतारीख विचार. बरोबर सांगितली, तरच उघड.

तुझाच.