शेवटची तारीख वाढतेच

मंगळवार, जून. सरोजिनी नगर, रात्र

कॉलेजच्या खिडकीवर आज माझा प्रवेशाचा फॉर्म घेतलाच नाही. मुदत काल संपली. मार्कशीट आल्यापासून बाबा म्हणत होते, "घाई कसली? शेवटची तारीख वाढतेच." ते नोकरी करतात त्या केंद्राच्या मंत्रालयात वाढते. आज त्यांनी खिडकीत वाकून विचारलं, "एक्स्टेन्शन तो होगा ना?" आतला म्हणाला, "नहीं होगा, अंकल." बस्स.

मला राग यायला हवा ना? येत नाहीये. फॉर्मवरच्या फोटोत मी हसतेय. आईने वाढलं ते जेवले, काय होतं आठवत नाही.

आत्ता बाबा दारात येऊन म्हणाले, "करस्पॉन्डन्स कोर्सला अजून महिना आहे. पण उद्याच भरू."

उद्याच. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. फोटो तोच चालेल, म्हटलं.