राक्षसाचा फुगा

प्रिय दादा,

अरे, धमाल झाली! आमच्या कॉमिकच्या शेवटच्या पानावर संवाद चिकटवायचेच मी विसरलो. राक्षस आणि राजपुत्र समोरासमोर, आणि बोलण्याचे फुगे कोरे! मालक जाम उखडले. म्हणे, "संपादक आहेस की झोपलायस?" आणि आज पोतंभर टपाल आलं! पोरांनी स्वतःच फुगे भरून पानं पाठवलीत!

राक्षस तुझ्यावरूनच बेतलाय, मिशांसकट, हे तू ओळखलं असशीलच. एका मुलीनं राजपुत्राच्या तोंडी लिहिलंय, "भांडण पुरे. घरी चल, जेवण गार होतंय." इतकी वर्षं लिहितोय, मला हे सुचू नये?

हे पत्र पाठवत नाही. पुढच्या अंकात तेच वाक्य छापतोय. आपला अबोला असला तरी तू अंक लपून वाचतोस, वहिनीनं सांगितलंय.

राक्षसाचा फुगा कोराच ठेवलाय.

तुझा,
धाकटा