निकामी ब्रेन गनचं खटॅक

१० मार्च, गुरुवार
संकल्प: आजपासून रोज लिहायचं. क्लबच्या कायदाप्रमुखाचं सगळं लेखी असावं. (क्लब म्हणजे आमच्या थॉर्नबी गावाचा युद्धस्मृती क्लब. कायदाप्रमुख हे पद मीच सुचवलं, मीच स्वीकारलं. विरोध झाला नाही. सभेत तेव्हा केक वाटणं चालू होतं.)

समोरच्या घरातले नॉरिस ॲपलगार्थ दर गुरुवारप्रमाणे चहाला आले. नव्वदीला टेकलेत. कोरियाच्या लढाईत ब्रेन गन चालवायचे. माझी ब्रेन गन आमच्या डायनिंग रूमच्या कोपऱ्यात असते. मशीनगनच, पण जुन्या नियमाने निकामी केलेली. गोळी सुटत नाही, मात्र दांडा मागे ओढून चाप दाबला की खटॅक! हात कुणालाच लावू देत नाही. आज नॉरिस म्हणाले, लेका, मरायच्या आधी एकदा तो दांडा ओढून ते खटॅक ऐकायचंय.

मला एकदम सुचलं. क्लबच्या जुलैच्या मेळाव्यात बंदूक त्यांना भेट द्यायची! बँड, फोटो, भाषण माझं. त्यांना म्हटलं, धीर धरा.

११ मार्च
ग्लेनिस म्हणाली, अरे डेस्मंड, बंदूक इथं, म्हातारा इथं, ओढू दे की पुढच्या गुरुवारी! तिला समजावलं की आत्ताच खटॅक झालं तर जुलैत काय उरलं? ती म्हणाली, नॉरिस उरतील का ते बघ. बायकोला समारंभाची जाण नाही. बावीस वर्षं सांगतोय.

२ एप्रिल, सकाळी
भाषणाचा मसुदा झाला. 'कायदा' हा शब्द बराच येतो म्हणून सहज कायदा काढून वाचला. जुन्या नियमाने निकामी केलेली बंदूक घरात खुशाल ठेवा. विकायची किंवा भेट द्यायची तर आधी नव्या नियमाने पुन्हा निकामी करून प्रमाणपत्र घ्या. हे मला माहीत होतंच. फक्त आठवत नव्हतं.

२ एप्रिल, दुपारी
ग्लेनिस म्हणते, मग भेट नको देऊस, आपल्या घरात बसून नुसता दांडा ओढू दे, त्याला कायदा कुठे आडवा येतो? येत नाही, कबूल. पण कायदाप्रमुखाने पळवाटा काढायच्या?

१४ एप्रिल
बंदूक पुन्हा निकामी करायला दिली. नव्या नियमात दांडा, चाप, गोळ्यांचं मॅगझिन, सगळं वेल्डिंग करून कायमचं जाम करायचं असं लिहिलंय. पण लिहिलेलं सगळं अक्षरशः घ्यायचं नसतं. तपासणारे अधिकारीही शेवटी इतिहासप्रेमीच असणार. बंदूकवाल्याने दोनदा विचारलं, साहेब, नक्की ना? माझा निर्धार पाहून चकित झाला असावा.

१२ मे, गुरुवार
नॉरिस रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसले. गेली कुठे, म्हणाले. सुधारून येतेय, म्हटलं. मग पहिल्यांदाच स्टॅन लमलीबद्दल बोलले. ब्रेन गनवर दोघं असायचे. बंदूक अडकली की नॉरिस दांडा ओढायचे, स्टॅन मॅगझिन बदलायचा. परत आलो तो मी एकटाच, म्हणाले. ग्लेनिस रडली. मी ताबडतोब भाषणात घातलं.

१ जुलै
बंदूक आली! प्रमाणपत्र काय सुरेख आहे! दांडा जरा घट्ट वाटतो. तेल घातलं.

२ जुलै
अजून तेल.

५ जुलै
तेल संपलं. ग्लेनिस म्हणते, जा आणि नॉरिसना आजच सांग. कशाला? प्रमाणपत्र बघितल्यावर त्यांना दांड्याची आठवणही राहणार नाही. फ्रेम करून घेतलंय.

९ जुलै, शनिवार
मेळावा. माझं भाषण उत्तम झालं. नॉरिस पदकं लावून, केस कापून आले होते. बंदूक गवतावर मांडली. नको नको म्हणत असताना ते तिच्यामागे पालथे झोपले. ब्रेन गन अशीच चालवतात, म्हणाले. दोघांनी धरून टेकवलं.

दांडा ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. बँड थांबला. अडकली, असं पुटपुटले आणि त्यांचा हात आपोआप मॅगझिनवर गेला. तेही जाम. मग एकदम खणखणीत आवाजात हाक मारली, स्टॅन!

मी प्रमाणपत्र पुढे केलं.

ग्लेनिसने धावत जाऊन त्यांना उठवलं. गुडघ्याचं गवत झाडत ते म्हणाले, तुझ्याकडेच राहू दे रे लेका, मला नुसता आवाज हवा होता. 

टाळ्या पडल्या. कुणासाठी ते कळलं नाही.

१४ जुलै, गुरुवार
नॉरिस चहाला आले. मला वाटलं होतं, येणार नाहीत. त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसले. जॅम छान झालाय म्हणाले. बंदुकीचं नावही काढलं नाही. ग्लेनिस शनिवारपासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

बंदूक आता पूर्ण कायदेशीर आहे. देशात कुणालाही भेट देता येईल. क्लबमध्ये विचारलं. नको म्हणाले.

दोघं परसात वाल बघायला गेले तेव्हा दांडा पुन्हा ओढून पाहिला. हलला नाही. मग मीच तोंडाने हळूच खटॅक म्हणून पाहिलं.

तसं नाही आलं.