पाठ माझी, मनगट तुझं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (पाठ वाकत नसल्यामुळे फक्त लेखी). तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "मला काय धाड भरलीय" असंच म्हणणार. मागच्या आठवड्यात जिन्यावरून घसरलीस तेव्हाही हेच म्हणालीस. मला मात्र तेव्हापासून चैन नाही. असो. माझ्या पाठीचं म्हणशील, तर "तुझं दुखणं पाठीत कमी आणि तोंडातच जास्त" हे तुझं मत फोनवर ऐकल्यापासून तुझ्या भावजयीने ते घरात कायदा म्हणून लागू केलं आहे. मी कण्हलो की ती टीव्हीचा आवाज वाढवते.

म्हणून मी पुरावा आणायला निघालो. इथल्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर बाई आहेत, त्या माणसाचं दुखणं त्याच्या लाळेतून मोजता येतं का, ते तपासतायत. (म्हणजे शेवटी तोंडातच बघायचं! तुझंच खरं.) दुखलं की लाळेतली काही द्रव्यं वाढतात म्हणे. तेव्हा नळीत थुंकायचं, आकडा आला की तो चौकटीत घालून टीव्हीच्या वर टांगायचा, असा माझा बेत होता.

पहिल्या दिवशी पाठीतून नुसत्या कळा येत होत्या. पण त्यांची ती खुर्ची, ताई, काय सांगू! मागे रेललं की पाय आपोआप वर. खिडकीचा पांढरा पडदा आत येत होता, बाहेर जात होता, कोपऱ्यातलं यंत्र हळूच घुमत होतं, आणि मी तरंगायलाच लागलो. आकडा आला तो पाळण्यात झोपलेल्या बाळाचा. दुसऱ्या दिवशी पाठ अजिबात दुखत नव्हती, पण थुंकण्याआधी चहा प्यायचा नाही हा तिथला नियम, त्यात बसमध्ये एकाशी जुंपलेली. आकडा असा चढला की बाईंनी मला दंडाला धरून बसवलं.

तिसऱ्या दिवशी तोंडाला कोरडच पडली. बाई म्हणाल्या, डोळे मिटा आणि लिंबू आठवा. मी मिटले. पण लिंबू काही एकटं येईना, अख्खं झाड घेऊन आलं, आपल्या परसातलं. ऊन हिरवं झालेलं, पानांचा वास, आणि तू वरच्या फांदीवर, फ्रॉकच्या घोळात लिंबं. फांदी वाकतेय हे मला खालून दिसत होतं, पण स्वप्नात मेलं ओरडता येत नाही. तू सावकाश, अगदी पिसासारखी खाली आलीस. (खरं तर धपकन पडली होतीस.) लिंबं घरंगळत घरभर गेली, आणि तू जेवायला बसून डाव्या हाताने खात होतीस. आई रागावत होती, उजव्या हाताला काय झालंय म्हणून, आणि तू म्हणत होतीस, काही नाही. मोडलेलं मनगट मांडीआड लपवून!

डोळे उघडले तेव्हा नळी भरली होती आणि गालही ओले होते. आकडा तिन्ही दिवसांतला सगळ्यात मोठा. बाई हरखल्या. कुठे दुखतंय, म्हणाल्या. मी म्हटलं, ताईच्या मनगटात. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग खरं काय ते सांगितलं, की हे आकडे अजून भरवशाचे नाहीत. राग, झोप, दिवसाची वेळ, कशानेही हलतात. दुखणाऱ्यालाच विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं, यापलीकडे तूर्त काही सापडलेलं नाही. आता दुखणाराच खोटं बोलत असला तर काय करायचं, हे मी विचारलं नाही.

घरी येऊन हे सांगितलं तर तुझ्या भावजयीने टीव्ही चक्क बंद केला.

तुझा,
तोंडात दुखणारा धाकटा भाऊ

ता. क. परवा व्हिडिओ कॉलवर तू चहाचा कप डाव्या हातात धरला होतास.

ता. क. २ : दहापैकी किती दुखतंय? कळवू नकोस, मी शनिवारी सकाळी समोर बसून विचारणार आहे. माझ्या पाठीचं मनावर घेऊ नकोस, तुला दवाखान्यात न्यायला ती ठणठणीत आहे. दार डाव्या हातानेच उघड.