करार आणि बूट

दोहा, मार्च २००४, मंगळवार

नॉर्वेच्या फॉरवर्डने आज आमच्या फुटबॉल क्लबातलं कपाट रिकामं केलं. ड्रायव्हर सलीम सांगत आला, "भाई, बूटपण गाडीत टाकले त्यानं." बूट कशाला? उद्या सराव आहे. दुसऱ्या क्लबने गाठलंय त्याला, नक्की. मध्यस्थ कोण? माझा संशय सलीमवर. हल्ली हातात नवं घड्याळ असतं.

मॅनेजर मात्र माझ्याकडेच रोखून बघत होते. का? त्या फॉरवर्डचा करार वाढवल्याचा कागद मीच टाइप केला, म्हणून?

काल तोच कागद विचारायला तो माझ्या टेबलाशी आला होता. मी मान वर न करता म्हटलं, "खलास." म्हणजे सही, शिक्का, सगळं झालं. त्याने पुन्हा विचारलं, "खलास?" मी हसून म्हटलं, "खलास." त्याने माझा हात बराच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, खूश झालाय.

आत्ता लिहिताना आठवतंय. आमचा कोच ज्याला संघातून काढतो, त्याला हाच शब्द ऐकवतो. त्या नॉर्वेवाल्याला अरबी तेवढंच येतं.

म्हणून बूट नेले त्यानं.

सकाळी त्याच्या घरी जायला हवं. घर फक्त सलीमला माहीत आहे.