तुराट्यांचा स्तूप

प्रिय अप्पा,

जय भीम.

काल भीमजयंती झाली. विहाराच्या पायरीवर बसून हे लिहितेय. कानात अजून डीजे वाजतोय आणि नखांतला निळा गुलाल काही केल्या निघत नाही. खरं सांगू? मला तुमच्याजवळ फुशारकी मारायची आहे! आईजवळ मारून पाहिली. ती म्हणाली, "बरं झालं माय, आता दोन घास खाऊन घे." ही काय फुशारकी ऐकायची रीत झाली? तुम्ही असता तर सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं असतं, आणि उद्या औरादच्या लाइट ऑफिसात त्यात पदरच्या दोन गोष्टी घालून सगळ्यांना ऐकवलं असतं.

तुम्ही गेल्यानंतरची ही पहिली जयंती. आणि यंदाचा स्तूप मी केला, अप्पा. मी!

तुमचा स्तूप थर्माकोलचा असायचा. वर्षभर लाइनमन म्हणून खांबावर चढणारा माणूस जयंती जवळ आली की रजा टाकून घरात बसायचा. जुन्या हीटरची तार ताणून तुम्ही कटर बनवला होता. त्याच्यावरून थर्माकोल असा अलगद सरकायचा की मी तोंड उघडं टाकून बघत राहायची. घरभर पांढरे दाणे! पिठात दाणे, भाकरीवर दाणे, मांजराच्या मिशांवर दाणे. आई वैतागायची, "स्तूप करायलाव का भुगा करायलाव?" तुम्ही ढिम्म. आणि तो पांढराशुभ्र स्तूप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला, की तुम्ही मुद्दाम मागच्या गर्दीत जाऊन उभे राहायचात, लोक काय बोलतात ते ऐकायला. मला सगळं कळायचं हं.

एका गोष्टीचा मात्र अजून राग आहे. मला कधी त्या कटरला हात लावू दिला नाहीत. "भाजंल. तू अभ्यास कर." केला की अभ्यास! आणि पोचले कुठे, तर गुलबर्ग्याच्या डिझाइन कॉलेजात, जिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कापाकापीच करायला लावतात.

जयंती उरकली की तुमचा स्तूप विहारामागे पडायचा. शेळ्या त्याचे कोपरे कुरतडायच्या, वारा सुटला की दाणे उडत सोयाबीनच्या रानात जायचे. "अप्पा, ह्याचं काय व्हतंय पुढं?" असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "फुडल्या वर्षी नवा करू की." हे काय उत्तर झालं? तुम्हालाही ते पटलं नव्हतं, कारण नंतर बराच वेळ तुम्ही शेळ्या हाकलत होतात.

आमच्या कॉलेजात हाच प्रश्न मोठ्या नावाने विचारतात. सस्टेनेबिलिटी! म्हणजे वस्तू अशी करा की ती करताना आणि टाकून देताना जमिनीचं, पाण्याचं वाटोळं होऊ नये. भिंतीवर त्याचं पोस्टर आहे, आणि ते छापलंय फ्लेक्सवर. सेमिस्टर संपलं की सगळ्यांची मॉडेलं कचऱ्यात जातात, फोमचा हा ढीग! तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, "माझ्यापेक्षा तुम्हीच जास्त भुगा करायलाव."

यंदाच्या स्टुडिओ प्रोजेक्टचा विषय होता, आपल्या भागात वाया जाणारी वस्तू घ्या आणि तिचं काही कामाचं करा. कुणी ज्यूट घेतलं, कुणी नारळाच्या करवंट्या. मी घेतल्या तुराट्या. आपल्याकडे तुरीची रास झाली की उरलेल्या काड्या बांधावर पेटवून देतात, धूर गावात येतो. त्याच तुराट्यांचा स्तूप करायचा आणि जयंतीला ट्रॉलीवर चढवायचा, असं माझ्या मनाने घेतलं. तुमची जागा रिकामी होती ना. ती बीदरच्या डेकोरेशनवाल्याने भरावी, हे मला सहन होणारं नव्हतं.

मी छोटं मॉडेल केलं. सालीसकट तुराट्या, वरून मातीचा हात, वीण सगळी उघडी. आमच्या बेंगळुरूच्या मॅडम हरखून गेल्या. "किती अस्सल! किती मातीतलं!" शेजारी जुन्या कुडाच्या घरांचे फोटो लाव म्हणाल्या. लावले. ते मॉडेल मांडीवर सांभाळत मी बसने गावी, संतपूरला आले आणि जयंतीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या मधोमध ठेवलं.

तुमचे दोस्त गौतमकाका, समितीचे अध्यक्ष, चष्मा पुसत बसले. शेवटी तुमची थोरली बहीणच बोलली. तुळसाआत्याला गप्प बसवणारं माणूस अजून जन्माला यायचंय.

"हे काय, कूड हाय का?"

"स्तूप आहे आत्या. तुराट्यांचा."

"आगं माय, तुराट्याच्या कुडात जल्म गेला आमचा! तुजा बाप आन् मी पावसात पोतं पांघरून बसायचो. भिताडातनं इच्चू निघायचे. किती वर्सांनी सुटलं ते! आन् तू जयंतीला तेच ट्रॉलीवर घालून मिरवायलीस? कामून?"

गौतमकाका हळूच म्हणाले, "फायबरचा आणू, पोरी. वाईट वाटून घेऊ नकु."

माझ्याकडे उत्तरं होती की अप्पा! कार्बन, विघटन, सगळ्या स्लाइड्स तोंडपाठ. पण आत्याच्या समोर त्या काढायच्या सोडून मी मॉडेल उचललं आणि निघाले. घरी येऊन मी आईवर उगाच डाफरले.

तुम्ही तिथे असता तर काय म्हणाला असता? आत्या म्हणाली तेच म्हणाला असता! शेजाऱ्यांनी एकदा जळणाच्या तुराट्यांचा भारा आपल्या भिंतीला टेकवला होता, आठवतं? तुम्ही ड्युटीवरून आलात, जेवायच्याही आधी तो उचलून पार रस्त्याच्या पलीकडे नेऊन टाकलात. आपली विटांची भिंत तुम्ही येता-जाता तळहाताने थोपटायचात. आणि मी तुमच्या नावाने स्तूप करायला निघाले होते, तो तुमचीच मान खाली घालणारा! करावा की सोडून द्यावा? दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

मग कळलं. दोष तुराटीचा नव्हता, मी तिला झोपडीसारखी मांडली होती, आणि तीच झोपडी मॅडमना आवडली होती. मी गौतमकाकांकडे गेले आणि म्हटलं, जयंतीला आठ दिवस उरेपर्यंत वेळ द्या, नाही पटला तर माझ्या हाताने चुलीत घालते. काका म्हणाले, "बापावर गेलीस. कर."

सुट्टी मिळाली की संतपूर. तुराट्या सोलल्या, एका जाडीच्या निवडल्या. वाळलेली तुराटी वाकवली की कटकन मोडते, म्हणून बारीक फांद्यांच्या जुड्या हौदात भिजत घातल्या, वाकवल्या आणि सुतळीने गोल कडी बांधली. खाली मोठं कडं, वर लहान, शेंड्याला छत्र. हात सोलून निघाले. त्यावर कापड हवं होतं. आईने काही न बोलता जयंतीला नेसायचं आपलं जुनं पांढरं लुगडं आणून दिलं. ते पाहून गल्लीतल्या बायकांनीही आपापली दिली. पिठाच्या खळीत बुडवून कापड ताणून बसवलं, सुकल्यावर चुन्याचे हात दिले. सगळ्यांची लुगडी आली, अप्पा. आत्याचं आलं नाही.

कॉलेजात फोटो दाखवले तर मॅडम नाराज. "तू तुराटी झाकून टाकलीस! ती दिसायला हवी. तीच तर यातली गोष्ट आहे."

मी म्हटलं, "मॅडम, तुमच्यासाठी ती गोष्ट आहे. माझ्या आत्यासाठी ती गळकी भिंत आहे."

मला वाटलं, झालं, आता हे वर्ष गेलं. पण मॅडम रागावल्या नाहीत. माझं स्केच ओढून घेतलं, खूप वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मग ज्याला बघायचं असेल त्याला आतून बघू दे." म्हणून मागच्या बाजूला माणूस डोकावेल एवढा दरवाजा ठेवला. बाई चांगल्या आहेत हो, फक्त कधी गळक्या घरात राहिल्या नाहीत.

गौतमकाकांना पटला, आणि काल स्तूप ट्रॉलीवर चढला. पांढराशुभ्र! उन्हात डोळे दिपत होते. तुमच्या जागी आलेला नवा लाइनमन, कन्नड बोलणारा मुलगा, न बोलावता पुढे आला आणि छत्र तारेला लागू नये म्हणून मिरवणूक बाहेर पडेपर्यंत गल्लीतली लाइन बंद करून उभा राहिला. मला "अक्का" म्हणाला. अण्णांचं, म्हणजे तुमचं, काम आहे म्हणून आलो, म्हणाला.

तुळसाआत्या आली. स्तूपाला एक फेरी मारली. मागे गेली, ट्रॉलीचा आधार धरून वर चढली आणि दरवाजातून आत डोकं घातलं. ती आत बघतच राहिली, तुराट्यांची ती कडी, एकावर एक, वरपर्यंत. हात घालून एक कडं हलवून पाहिलं. हललं नाही.

खाली उतरून मला म्हणाली, "असं नीट बांधणारं कुणी आसतं, तर आमचं कूड गळलं नसतं की गं."

मग तिनेच पदराने माझं तोंड पुसलं. गुलाल होता म्हणून पुसलं असं वाटायला नको, अप्पा, मी रडत होते. भालकीहून आलेले पाहुणे स्तूपाजवळ फोटो काढत होते. त्यातल्या एकाने विचारलं, फायबरचा का? आत्या माझ्या आधी बोलली, "न्हाई व्हो. तुराट्याचा हाय. आमच्या रानातल्या. माज्या भावाच्या लेकीनं बांधलाय." एवढ्या मोठ्यांदा, की डीजेवाल्यानेही मान वळवली!

मी पण मागच्या गर्दीत जाऊन उभी राहिले, लोक काय बोलतात ते ऐकायला. सगळं ऐकलं. पोट भरून ऐकलं.

बुद्धपौर्णिमेपर्यंत स्तूप विहारात राहील, मग सोडवून रानात घालू. चुना, कापड, तुराट्या, सगळं मातीत जाईल. शेळ्यांनी खाल्लं तरी चालेल.

आता एक शब्द देते. मी डिझायनर होईन, मोठमोठ्या खोल्यांत बसून लोकांसाठी वस्तू आणि घरं आखीन. पण कुणाच्या घराला सुंदर म्हणायच्या आधी, त्या घरात राहणाऱ्या माणसाला मी विचारीन, पावसात गळतं का म्हणून. आणि गळत असेल, तर आधी ते थांबवीन.

तुमची लेक,
प्रज्ञा