दोन नंबरचा डबा

३ जुलै

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या की मातीचा धडा नुसता पुस्तकातून शिकायचा नाही. ज्याने मातीत हात घातलेत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि त्याचं उत्तर वर्गात वाचून दाखवायचं. अर्धा वर्ग असा माणूस शोधत फिरतोय. बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात इमारतींच्या जागेची माती तपासणारे आजोबा माझ्या एकटीकडेच आहेत, त्यामुळे मी सध्या जरा भाव खातेय.

तर माती किती प्रकारची असते, ती ओळखायची कशी, आणि थोडी थोडी पाठवाल का, एवढंच विचारायचं होतं.

आई विचारतेय, डोळे तपासून आलात का? मागच्या सुट्टीत तुम्ही चहा कपाऐवजी वर्तमानपत्रावर ओतलात आणि वर बातमीच पाणचट होती म्हणालात, ते ती अजून विसरलेली नाही. मला तो विनोद आवडला होता. आई मात्र हसली नव्हती.

कळावे. लोभ आहेच, वाढवायचा असेल तर माती लवकर पाठवा.

तुमची,
भिंगरी


११ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाई शहाण्या दिसतात. तू मात्र मुंगीच्या पावलांएवढं अक्षर काढतेस. पुढचं पत्र जाड पेनाने आणि चांगलं मोठं लिही. कागद काही सोन्याच्या भावाने मिळत नाही.

सोबत चहापत्तीचे तीन रिकामे डबे पाठवतोय. झाकणांवर खिळ्याने एक, दोन, तीन अशा रेघा ओढल्यात. माती सगळी माझ्याच अंगणातली आहे. पहिल्या डब्यात रेताड, नळाजवळची. चिमटीत धरून चोळ, साखरेसारखी कचकच लागेल. तिचे कण मोठे, मधली जागा मोठी, म्हणून पाणी ओतलं की खाली पळतं. तिसऱ्या डब्यात चिकणमाती आहे, मागच्या खड्ड्यातली. तिचे कण इतके बारीक की बोटाला कळतच नाहीत. ओली असताना हाताला चिकटते आणि सुकली की दगड. पाणी एकदा धरलं की सोडायचं नाव नाही, आपल्या शेजारच्या शिलाईवाल्या बाईंना बातमी कळली की ती त्यांच्या पोटात ठरत नाही ना, त्याच्या बरोबर उलट. दोन नंबरच्या डब्यात पोयटा आहे. तो या दोघींच्या मधला, समजूतदार. हवं तेवढं पाणी ठेवतो, जास्तीचं जाऊ देतो, म्हणून झाडं त्याच्यावर खूश. माझा पोयटा विटेसारखा लालबुंद आहे. वर्गात मिरव.

प्रत्येकीचा ओला गोळा करून तळहातावर साप वळायचा. रेताड मातीचा होणारच नाही. पोयट्याचा होईल, पण वाकवलास की तडकेल. चिकणमातीच्या सापाची खुशाल अंगठी कर. मग काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलव आणि एक दिवस हात लावू नकोस. जड कण आधी बसतात, बारीक सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट, ती पुस्तकात नसेल. एका शाळेच्या जागेवर मी गिरमिटाने भोक पाडलं, तर खाली मऊ चिकणमाती निघाली. ही पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, आणि वरच्या भिंतीलाही तिच्याबरोबर कवायत करावी लागते. साहेब म्हणाले, टणक म्हणून लिहा, उद्घाटनाची तारीख ठरलीय. मी लिहिलं नाही. खड्ड्यात निघेल तेच वहीत लिहायचं. साहेब सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत, पण पाया दुप्पट खोल गेला आणि शाळा अजून उभी आहे.

माझे डोळे ठणठणीत आहेत असं ढब्बूला सांग. ढब्बू म्हणजे तुझी आई. दहावीपर्यंत ती याच नावाला ओ देत होती.

कळावे. लोभ चिकणमातीसारखा असावा, सुटू नये.

तुझा,
आजोबा


२० जुलै

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

बघा, जाड पेनाने लिहितेय. एका पानावर सातच ओळी मावतात.

तुमचं सगळं बरोबर निघालं. एक नंबरचं पाणी आमच्या टाइमपीसवर अर्ध्या मिनिटात गळून गेलं. तीन नंबरचं मधली सुट्टी संपली तरी वरच बसलेलं. चिकणमातीची अंगठी बाईंनी स्वतः घालून बघितली आणि ती निघेना, तेव्हा वर्ग फार आनंदात होता. बरणीत खाली वाळू, मध्ये गाळ, वर गढूळ पाणी आणि त्यावर तरंगणारी काडी, असे मजल्यासारखे थर दिसले.

पण आजोबा, एक गोष्ट चुकली. मी तुमचं पत्र मोठ्याने वाचलं की दोन नंबरची माती विटेसारखी लालबुंद आहे, आणि झाकण उघडलं. आत काळपट तपकिरी माती होती. जवळजवळ कॉफीच्या रंगाची. सगळी मुलं हसली. मी म्हटलं, पोस्टात पाऊस लागून काळी पडली असेल. ते खोटं होतं, कारण माती कोरडी होती. तुम्हाला कोणी हसलेलं मला अजिबात आवडलं नाही.

त्याच डब्यात तुमच्या शर्टाचं निळं बटणही निघालं. आणि तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात, शेवटची तर कागदावरून खाली उतरून गेलीय. मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आजोबा, तुम्हाला दिसत नाही का?

आईला मी काही बोललेली नाही. तिने विचारलं तर काय सांगू ते कळवा.

कळावे. लोभ कमी करू नका.

तुमची,
भिंगरी


२८ जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी मी चिडलो. कालची पोर मला रंग शिकवते, असं दोन दिवस भांड्याकुंड्यांना ऐकवलं. तिसऱ्या दिवशी त्या वाफ्यातली मूठभर माती उचलली, दारात उजेडाला धरली आणि मला काहीच रंग दिसला नाही. मग आठवलं, गेली चार वर्षं मी त्या वाफ्यात पालापाचोळा कुजवतोय. कुजलेल्या पानांनी माती काळी होते, हे मीच नवीन पोरांना शिकवायचो. ती लाल माती माझ्या डोक्यात होती, भिंगरे, वाफ्यात नव्हती.

तर ऐक. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्याने फक्त उजेड-अंधार कळतो, डाव्याने भिंगातून तुझं जाड अक्षर एकेक करून वाचतो. डॉक्टरकडे गेलो होतो, वर्षापूर्वी. ते म्हणाले, लगेच ऑपरेशन करा, पिकून फार दिवस राहिला तर डोळाच दुखावेल. मी हो म्हणून आलो आणि परत गेलो नाही. माझ्याबरोबर गिरमिट धरणारा माझा मित्र असाच हसत हसत ऑपरेशनला गेला आणि त्याचा डोळा गेला. भोकात काय निघेल याची मला आयुष्यात कधी भीती वाटली नाही, पण हे टेबलावर पडून राहायचं मला भयंकर भय वाटतं. शिवाय ढब्बूला कळलं की ती मला उचलून तुमच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवेल. तिथे पायाखाली नुसती फरशी. माझी खोली, माझ्या नमुन्यांच्या बरण्या, माझं अंगण कोण बघणार?

तुला माझी शपथ आहे, आईला सांगायचं नाही. सांगितलंस तर आपली कट्टी, आणि माझी कट्टी पक्की असते, साहेबांना विचार.

कळावे. लोभ आहे म्हणूनच खरं सांगितलं.

तुझा,
आजोबा


४ ऑगस्ट

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही घाबरता हे वाचून मला रडू आलं. मला वाटायचं घाबरायचं खातं माझ्याकडेच आहे.

शपथेबद्दल मी आज काहीच लिहीत नाही.

सोबत आमच्या शाळेच्या मैदानातली माती पाठवतेय. ती कुठली ते हाताने ओळखा. रंगही कळवायचा, पण बघून, आठवून नाही. मला घाई नाही.

डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी आहे, मुंगीच्या अक्षरात, सगळ्यात बारीक पेनाने लिहिलेली. तुमच्या भिंगातूनही ती दिसणार नाही, मी बाईंच्या भिंगातून बघून खात्री केली आहे. ती दुसऱ्या कोणाकडूनही वाचून घ्यायची नाही, शिलाईवाल्या बाईंकडून तर मुळीच नाही. तुम्ही मला शपथ घातलीत, आता ही माझी तुम्हाला.

कळावे. पुढे काहीही झालं तरी लोभ असू द्या, एवढं मागते.

तुमची,
भिंगरी


७ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतेय. दवाखान्यातून आठवडाभराची रजा घेतली आहे. रोज दुसऱ्यांच्या औषधाच्या पुड्या बांधते, आता थोडे दिवस तुमच्या डोळ्यात थेंब घालीन. डॉक्टरांशी बोलणं झालंय. आधी उजवा डोळा, डावा नंतर.

मला कळलं कसं, असं तुम्ही विचारालच. तुम्ही पाठवलेल्या पाकिटावरचा वाकडातिकडा पत्ता बघितला आणि समजले. कोणावर संशय घेऊ नका.

तुमच्या मित्राचं मला आठवतंय. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. तुम्ही संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचात. म्हणून भित्रे म्हणणार नाही तुम्हाला. ऑपरेशनच्या वेळी दाराबाहेर मी बसलेली असेन, आणि महिनाभर तुमच्याच घरी येऊन-जाऊन राहीन. तुमची खोली, बरण्या, अंगण, सगळं जिथल्या तिथे राहील. तुम्हाला उपटून कुंडीत लावायचा माझा विचार नाही, बाबा. पण एक वर्ष तुम्ही हे एकट्याने सोसलंत, ते मला फार लागलं.

बॅगेत दोन सदरे भरून ठेवा. बटणं मी लावून देईन.

कळावे. लोभ करता, तसा थोडा विश्वासही करावा.

तुमची,
ढब्बू


२६ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी तुझ्या नमुन्याचा अहवाल. हाताला किंचित कचकच, साप झाला, वाकवल्यावर तडकला. पोयटा, थोडा रेताडकडे झुकलेला. मुलांनी तुडवून घट्ट केलाय, म्हणून पाणी मुरायला वेळ लागतो. बाईंना सांगून कडेने खणून घ्या. रंग फिका तपकिरी, मध्ये मध्ये खडूचे पांढरे तुकडे. हे बघून लिहिलंय.

उजव्या डोळ्याला परवा चष्मा मिळाला. घरी आलो तो तडक वाफ्याकडे गेलो. तुझं खरं आहे, माती कॉफीसारखीच आहे. लालपेक्षा छान दिसते. मग खुर्ची अंगणात ओढली आणि तुझ्या डब्याच्या तळाची चिठ्ठी काढली. दीड महिना ती तशीच होती, शपथेला जागलो. तू लिहिलंस, "आजोबा, आईला मीच सांगितलं. खड्ड्यात निघेल तेच लिहायचं असं तुम्हीच म्हणालात. हे तुम्हाला वाचता आलं तर कट्टी घ्या, मला चालेल."

चार वेळा वाचली. नंतर चष्मा पुसावा लागला.

आता तुला एक सांगतो, आईला कळवू नकोस. पाकिटावरचा पत्ता मी दोन वर्षं पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतोय. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे. ढब्बूचं पत्र भिंगातून लावता लावता पाकिटाच्या वाक्याशी आलो, तिथेच मला सगळं समजलं. शनिवारी दारात गाडी उभी राहिली तेव्हा शपथ कोणी मोडली हे मला ठाऊक होतं. बॅग भरून तयार होतो. मनात म्हटलं, आपली कट्टी जाईल हे माहीत असून या पोरीने सांगितलंय, तर आपल्याला टेबलावर पडायला काय झालं? ढब्बूने हात धरला होता.

पुढच्या महिन्यात डावा. सुट्टी काढून ये, दाराबाहेर आईशेजारी तूही बस.

कळावे. लोभ आहे तसाच आहे, थोडा वाढलाय. आणि हे सगळं पत्र मी मुंगीच्या अक्षरात लिहिलंय, सरळ ओळीत. वाचता येत नसेल तर डोळे तपासून घे.

तुझा,
आजोबा